मृत्युशय्येवरील गोदान

मरणासन्न यजमानाच्या हाती गाईचे शेपूट देऊन त्याच्याकडून उदक सोडविले जाते, तेव्हा त्या दानाचे पुण्य कोणाच्या खाती जमा होते, हा माझा जुना प्रश्न हाँगकाँगचे अखेरचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या सुधारणांचा विचार करताना पुन्हा समोर उभा राहतो. १८४१ पासून ज्या ब्रिटिश अंमलाला रयतेचा कौल घेण्याची निकड फारशी भासली नाही, त्यानेच, मुलूख चीनच्या हवाली करण्याचा करारनामा १९८४ मध्ये झाल्यावर, १९९२ मध्ये मताधिकाराचा विस्तार मांडला आणि १९९५ मध्ये विधिमंडळाच्या साऱ्या ६० जागा निवडणुकीने भरल्या. त्यांत थेट मतदानाच्या अवघ्या २०. गीतेने सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांची अट घातली आहे. येथे पात्राविषयी शंका नव्हती, काल तेवढा टळून गेला होता. (या सुधारणांवरचा बीजिंगचा संतापही काही लोकप्रेमातून उपजलेला नव्हता.) तथापि दात्याचा हेतू गढूळ असल्याने घेणाऱ्याचा अधिकार उणा होतो, हे मला पटत नाही, जे मुळात त्याचेच होते, त्याला दान तरी कसे म्हणावे? ३० जून १९९७ च्या पावसात पॅटन यांनी घडी घातलेला ध्वज मान लववून स्वीकारला; मध्यरात्र उलटली आणि ते निवडून आलेले विधिमंडळही बरखास्त झाले.