माया किती ठेवायची?

पहिला शर्ट कापायला घेतला तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला. "माया किती ठेवलीस?"

मी म्हणालो, "एक सेंटिमीटर. व्हिडिओत तेवढीच सांगितलीय."

तिनं माझ्या हातातला खडू घेतला, माझ्या रेघेच्या बाहेरून दुसरी रेघ मारली आणि म्हणाली, "व्हिडिओतल्या बाईला तुझं पोट माहीत नाही. इंचभर ठेव."

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगतो. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. बाहेरून ते दिसत नाही. पण उद्या अंग भरलं, तर टीप उसवायची, थोडी बाहेर सरकवून पुन्हा मारायची, की तोच कपडा पुन्हा अंगात बसतो. लहानपणी आपल्याला 'वाढत्या अंगाचे' कपडे शिवले जायचे, त्यातली वाढ याच मायेत घडी घालून ठेवलेली असायची. या जादा कापडाला मराठीत प्रेमाचाच शब्द कुणी दिला, ठाऊक नाही. पण ज्यानं दिला, त्याला कपडाही कळत होता आणि माणूसही.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. तिथं माझं आयुष्य दुसऱ्याच एका शब्दाभोवती फिरतं, तो म्हणजे टॉलरन्स. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, व्यास २० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५. भाग गेजमध्ये बसला तर पुढं, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. चूक किती खपवून घेता येईल, ते सांगणारा हा आकडा. आठवडाभर मी टॉलरन्स मोजतो आणि सुटीच्या दिवशी आई मला माया ठेवायला शिकवते. गेलं वर्षभर हे दोन शब्द डोक्यात एकमेकांशी भांडतायत.

भांडणाची सुरुवात मात्र मित्रांच्या साध्या प्रश्नापासून झाली. घरी कशाला शिवतोस?

पैसे वाचतात, हे उत्तर पहिल्याच शर्टात बाद झालं. सव्वादोन मीटर कापड चारशे रुपयांचं, वर कॉलरचं कॅनव्हास, बटणं, दोरा. दोन रविवार गेले, आणि कॉलरचं एक टोक तरीही दुसऱ्यापेक्षा लांब झालं. तसाच शर्ट ऑनलाइन ३९९ रुपयांत दुसऱ्या दिवशी दारात आला असता, आणि नाही आवडला तर परतही गेला असता. माझा परत घ्यायला कुणी तयार नाही.

दुसरं उत्तर मी जरा ऐटीत द्यायचो. हा हातानं बनवलेला आहे, दुकानातला मशीनवरचा असतो. हे उत्तर खोटं आहे, हे मला आमच्याच पट्ट्यातल्या एका गोष्टीमुळं कळलं. गाडीच्या बॉडी शॉपमध्ये रोबो पत्र्याला वेल्डिंग करतात, कारण पत्रा कडक असतो, ठेवला तसा राहतो. कापडाचं तसं नाही. ते लोंबतं, सुरकुततं, ताणलं की लांबतं, आणि प्रत्येक थानाचा स्वभाव निराळा. म्हणून रोबो गाडी जोडतो, तरी जगातले जवळजवळ सगळे शर्ट आजही माणसाची बोटंच सुईखाली सरकवतात. कारखान्यात फक्त काम वाटलेलं असतं. एक बाई दिवसभर कॉलर लावते, दुसरी बाही, तिसरी काज. अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही.

म्हणजे ३९९ रुपयांचा शर्टही हातानंच शिवलेला आहे. ते हात आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. ते दिसले २४ एप्रिल २०१३ला. बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यांनी शिवलेले कपडे जगभरातल्या ओळखीच्या ब्रँडचे होते. मी तेव्हा शाळेत होतो. बातमी पाहिल्याचं आठवतं, स्वतःच्या अंगातल्या टी-शर्टकडं बघितल्याचं आठवत नाही.

तिसरं उत्तर जरा वैचारिक. घरी शिवणं म्हणजे यंत्रयुगाला नकार! पण ज्या मशीनवर मी हा नकार शिवतो, ती कुठल्यातरी कारखान्यातच ओतली गेली, तासली गेली, आणि माझ्यासारख्याच कुणीतरी गेज लावून तपासली. हा पेच जुना आहे. १९२४च्या फेब्रुवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगवासातून सुटले. त्याच वर्षी शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांना विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का? गांधीजींनी अपवाद सांगितला तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. बायकोचे टाके घालून झिजणारे हात सिंगरला बघवले नाहीत, म्हणून तिच्यावरच्या प्रेमापोटी त्यानं हे यंत्र केलं, अशी त्यांची समजूत होती. रामचंद्रननं लगेच अडवलं. ही यंत्रं बनवायला कारखाना लागेलच की! गांधीजींनी ते मान्य केलं, पण असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत आणि तिथं माणसाला माणसासारखं काम मिळावं, अशी अट घातली.

गंमत अशी की, सिंगरची ती प्रेमकथा खरी नाही. शिवणयंत्राचा शोधही एकट्या त्याचा नव्हता. एलियास हाऊ याचं पेटंट १८४६चं, सिंगरचं १८५१चं. सिंगर धंद्यात हुशार होता आणि संसाराच्या बाबतीत तर त्याची एकाच वेळी अनेक घरं होती. तरीही मला गांधीजींची चूक महत्त्वाची वाटते. यंत्राची पारख करताना त्यांनी त्याचा वेग विचारला नाही. ते कुणासाठी केलं, हे त्यांनी आधी बघितलं. गोष्ट खोटी निघाली, प्रश्न खराच राहिला.

ही सगळी चर्चा मी एकदा जेवताना मोठ्या उत्साहानं आईला ऐकवली. तिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "तुला कंटाळा आला की तू मशीन झाकून ठेवतोस. माझ्या मशीनचं झाकण कुठं होतं, तेसुद्धा मला आठवत नाही."

आम्ही तेव्हा भोसरीत दोन खोल्यांत राहायचो. बाबांची कंपनी बंद पडली, आणि आईनं हप्त्यावर पायमशीन घेतली. एका व्यापाऱ्याकडून कापलेल्या परकरांचे गठ्ठे यायचे. पैसे नगावर. लोडशेडिंगच्या काळात दिवे जायचे, पण पायमशीन चालू राहायची, कारण तिला वीज लागत नव्हती, फक्त आई लागत होती. मेणबत्तीच्या उजेडात सुईत दोरा ओवायला ती मला उठवायची. त्या आवाजावर मी झोपायला शिकलो. माझ्यासाठी ती अंगाई होती, तिच्यासाठी ती रात्रपाळी.

शिवणकामाबद्दल गोड बोलणाऱ्या प्रत्येकानं या ठिकाणी थांबायला हवं. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. अशा संस्थांतल्या शिवणवर्गांनी कितीतरी बायकांना, विशेषतः विधवांना, स्वतःच्या कमाईचे पहिले पैसे मिळवून दिले. ती मोठीच गोष्ट होती. पण त्याची दुसरी बाजूही आहे. घराबाहेर न पडता, पोरं सांभाळून, स्वयंपाक उरकून करता येण्यासारखं काम म्हणून बाईला सुई दिली गेली, आणि घरातच होतं म्हणून ते काम मोजलं गेलं नाही. आजही पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर 'फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी दिसते. त्या पाटीमागच्या बाईची पाठ किती दुखते, हे कुठल्याच कंपनीच्या सेफ्टी बोर्डावर लिहिलेलं नसतं. शाळेत मुलींना शिवण-टिपण आणि मुलांना मैदान, असं चालायचं. म्हणून मी, एक मुलगा, आज मशीनवर बसलो की लोकांना कौतुक वाटतं. आई वीस वर्षं बसली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग माझा छंद म्हणजे तिच्या सक्तीची चेष्टा आहे का? यावर माझी झोप उडाली होती. शेवटी मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "शिवणं वाईट नव्हतं रे. माझं वाईट काय होतं सांगू? कापड कापूनच यायचं. माया ठेवायची की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. अर्धा सेंटिमीटर सोडलेला असायचा. मला कळायचं की हा परकर धुण्यात उसवणार. तरी तशीच टीप मारायची."

मला वाटतं, उत्तर तिच्या या बोलण्यातच आहे. हात तेच, मशीन तीच, टीपही तीच. फरक एवढाच की काम करणाऱ्याला पलीकडचा माणूस दिसतो का, आणि दिसला तर त्याच्यासाठी काही ठेवायची मुभा त्याला आहे का.

बाजारातले बहुतेक टी-शर्ट ओव्हरलॉकवर शिवतात. त्या मशीनला सुईशेजारीच पातं असतं. शिवता शिवता ते कडेचं कापड कापून टाकतं. म्हणजे शिवण पडते त्याच क्षणी माया संपते. यात दुष्टपणा काही नाही, हिशेब आहे. एका कपड्यात सेंटिमीटरभर कापड वाचलं, तर लाखो कपड्यांत गाठीच्या गाठी वाचतात. आपल्याला मिळालेली स्वस्ताई त्या वाचलेल्या मायेतूनच थोडीफार आलेली असते. असा कपडा आपल्या अंगाला आजच्या मापात बसतो. माप बदललं की त्याला उसवून मोठं करता येत नाही, फक्त टाकता येतं.

टॉलरन्सवर माझा राग नाही. ब्रेकच्या भागात मी 'असू दे, थोडं जास्त' म्हणालो, तर नाशिक हायवेवर कुणाचातरी जीव जाईल. आणि धातूतही जादा भाग ठेवतात, हे फाउंड्रीतला कुणीही सांगेल. ओतलेल्या कास्टिंगवर थोडं जादा सोडतात, पण ते तासून काढण्यासाठीच. कपड्यातली माया कधीच वापरावी लागली नाही, तरी ती आत राहते.

धातूला एकच माप असावं, हे बरोबर आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा तेच गेज आपण माणसांना लावतो. आमच्या पट्ट्यात हजारो मुलं ठरावीक महिन्यांच्या करारावर कामाला येतात. बाविसाव्या वर्षी ती बरोबर मापात बसतात. मग कुणाची पाठ धरते, कुणाचे वडील आजारी पडतात, कुणी गरोदर राहते. माणूस थोडा बदलतो, आणि गेजमध्ये बसेनासा होतो. तिथं उसवून पुन्हा शिवण्याइतकं कापड कुणी ठेवलेलं नसतं. आजारपणाची रजा, फंड, दुसरं काम शिकायची संधी, या सगळ्या गोष्टी खरं तर शिवणीतली माया आहेत. बाहेरून त्या दिसत नाहीत, खर्च वाढवतात, आणि बदललेल्या माणसाला पुन्हा सामावून घेतात.

घरी शर्ट शिवून यातलं काही बदलत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या वाकड्या कॉलरनं ना ढाक्यातल्या बाईचा पगार वाढणार, ना चाकणच्या करारावरच्या मुलाची मुदत. शिवायला लागल्यापासून फक्त एक झालं. ३९९ हा आकडा मला पूर्वीसारखा साधा वाचता येत नाही. दोन रविवार त्यात बसत नाहीत, हे माझ्या बोटांना कळलंय. मग कुणाचे तरी रविवार त्यात कसे बसवले असतील, हा प्रश्न आपोआप येतो. कपडे मी अजूनही विकत घेतो, पण कमी घेतो आणि उसवलेला टाकायच्या आधी सुई शोधतो. नैतिकदृष्ट्या ही फार मोठी मजल नाही, पण इथवर मी वाचून पोचलो नव्हतो.

गेल्या महिन्यात आईसाठी कुडता शिवला. माप घेताना ती अवघडून उभी होती. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावली, आपल्या अंगाला लावून घ्यायची सवय नाही. काय काय हवंय, असं विचारलं, तर म्हणाली, "खिसा ठेव. बाजूला, खोल." मी मोबाइल बसेल एवढा खिसा लावला. ती आता भाजी आणायला पाकीट न घेता जाते, आणि बोलताना पुरुषांसारखा हात खिशात घालून उभी राहते.

कुडता हातात घेतल्यावर तिनं आधी तो उलटा केला. बाजूची शिवण बोटांत धरून माया बघितली. "पुरे आहे," म्हणाली.

आज रात्री अंगातला कपडा काढाल, तेव्हा तुम्हीही एकदा उलटा करून बाजूची शिवण बघा. आत किती कापड उरलंय? आणि ते ठरवायची मुभा, शिवणाऱ्या हाताला होती का?