बिडाची चीर

पुणे-सातारा महामार्ग सारोळ्याला नीरा ओलांडतो. पलीकडे शिरवळ, सातारा जिल्हा. अलीकडे भोर तालुका, नदीच्या अंगाला ऊस आणि वर भाताची खाचरं. या भागात पावसाळ्यात ट्रॅक्टर कलंडला तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. खेकड्यांनी बांध आतून पोखरलेला असतो, वर गवत हिरवंगार असतं, आणि चिखलणी उरकून वर चढताना मागचं चाक नेमकं तिथेच टेकतं. पुढे बोलणारे चुलते, म्हणजे तात्या, आणि त्यांची पुतणी मी कल्पिलेले आहेत. त्यांच्यापुढचा पेच मात्र खरा आहे, आणि जुनं यंत्र असलेल्या कुठल्याही घराला तो चुकलेला नाही.

त्यांचा ट्रॅक्टर महिंद्राचा बी-275, पस्तीस हॉर्सपॉवरचा. महिंद्रानं 1963 मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली, तिच्यातून हे मॉडेल भारतात आलं. मूळ घडण इंग्लंडमधली. आप्पांनी, म्हणजे तात्यांच्या वडिलांनी, भूविकास बँकेचं कर्ज काढून तो घेतला होता. तो आता घराच्या पडवीला टेकून उभा आहे: पुढचा आस वाकलेला, स्टिअरिंग एका बाजूला दबलेलं. चालवणाऱ्या पोरानं उडी टाकली, मनगटावर निभावलं. आणि वेल्ह्याकडचा एक माणूस विकत मागायला येऊन गेला आहे.

तात्या: माणूस वाचला ना, मग लोखंडाचं काय घेऊन बसलात, असं जो तो म्हणतोय. मान्य आहे. पण आप्पा गेले त्या वर्षी मी त्यांच्याच सीटवर बसून नांगरट केली. क्लचच्या पायटीवरच्या रेघा निम्म्या त्यांच्या पायानं झिजल्यात, निम्म्या माझ्या. हे मी कुणाला सांगू?

पुतणी: मला सांगा. पोरगं वाचल्याचा आनंद आणि ट्रॅक्टर गेल्याचं दुःख, दोन्ही एका मनात राहू शकतात. खंडेनवमीला आपण त्याला झेंडूचा हार घालत होतो तेव्हा लोखंडाला काय हार घालता, असं कुणी म्हणालं नाही. मग आताच का म्हणावं?

तात्या: म्हणूनच म्हणतो, देऊन टाकू त्याला. भंगारात किलोवर जाईल. हा माणूस चांगले पैसे देतोय, शिवाय दुरुस्त करून चालवणार आहे. शेतात राहील. कापला जाण्यापेक्षा बरं.

पुतणी: तुम्ही क्लचचं घर हात लावून पाहिलंत?

तात्या: पाहिलं.

(बी-275 सारख्या ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचा आस एकमेकांना बोल्टांनी जखडलेले असतात आणि तेच कणा होतात. कलंडताना सगळा भार त्या जोडावर आला. स्टार्टरच्या वरच्या बोल्टापासून एक चीर खाली उतरली आहे. ग्रीस पुसून नख फिरवलं तर नख अडकतं. हे घर बिडाचं असतं. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही, आणि वेल्डिंग केलं तर बऱ्याचदा टाक्याच्या शेजारीच पुन्हा तडकतं.)

पुतणी: तो नवं घर बसवणार नाही. वेल्डिंग मारील, वर लाल रंग देईल. मग ती चीर तुम्हालाही दिसणार नाही. तिकडची खाचरं डोंगरउताराला, पायऱ्यापायऱ्यांची. तिथे मधोमध जोड सुटला तर?

तात्या: मी त्याला सांगीन ना. आप्पांनी मारका बैल विकला तेव्हा बाजारात सगळ्यांसमोर खोड सांगितली. पैसे कमी आले, पण रात्री झोप लागली. खोड सांगून विकलं की आपण मोकळे.

पुतणी: बैलाचं निराळं आहे, तात्या. पुढच्या मालकानं लपवलं तरी बैल स्वतः शिंग उगारतो, माणूस सावध होतो. चीर रंगाखाली गप्प राहते. तुम्ही याला सांगाल, हा पुढच्याला सांगेल का? आणि चालवायला बसणार तो तिसराच, रोजावरचा कुणी तरी पोरगा. त्याला कोण सांगणार?

तात्या: बरं, नाही विकला. तर तो माणूस काय करील? नवा घ्यायची त्याची ऐपत नाही. शिरवळला नाही तर सासवडला जाऊन याहून मोडका घेईल. पोरगा मरायचा तर तिथेही मरेल. आपल्या हातून झालं नाही एवढं आपल्याला समाधान! हा आपल्या पुण्याचा हिशोब झाला, बाई, त्याच्या जिवाची काळजी नव्हे.

पुतणी थोडा वेळ गप्प राहते. माझ्या मते या बोलण्यातली सगळ्यात अवघड जागा हीच. हात स्वच्छ ठेवणं आणि दुसऱ्याचा जीव राखणं यांत अंतर आहे, आणि चांगल्या माणसांना ते सहसा दिसत नाही.

पुतणी: खरं आहे. मग नुसतं नाही म्हणून भागायचं नाही. त्या माणसाला परत बोलवा आणि चीर त्याच्या नखाला दाखवा. दुसरा कुठला ट्रॅक्टर घेतला तरी काय तपासायचं ते त्याला कळेल. आणि सीटच्या मागे, उलटताना चालकाला वाचवणारी कमान बसवून घे म्हणावं. स्वीडननं 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली. पुढे जुन्यांनाही लावली, आणि ट्रॅक्टर उलटून मरणारी माणसं तिथे जवळजवळ थांबली. मागे उलटणारा ट्रॅक्टर दीडेक सेकंदात पालथा होतो. आपल्या पोराला उडी मारता आली ती केवळ तो कुशीवर हळू बसला म्हणून.

तात्या: कमान बसवून आपलाच चालवू की मग. घर नवं आणू, आस नवा आणू. तू इंजिनिअर आहेस.

पुतणी: इंजिनाचा बोअर दोनदा झालाय. गिअरबॉक्स दुसऱ्या ट्रॅक्टरचा. मडगार्ड शिरवळला बनवलेले. आता घर आणि आस बदलले तर आप्पांचं त्यात काय राहिलं? नागसेन भिक्खूनं मिलिंद राजाला हेच विचारलं होतं: रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला.

तात्या: मग माझी माया कशावर आहे, हवेवर?

पुतणी: तसं नाही म्हणत.

तात्या: मी सांगतो कशावर आहे. पहाटे स्टार्टर मारला की आप्पा पहिल्या ठोक्याला मान वळवून ऐकायचे. ठोका बरा लागला तर चहा, नाही तर नोझल खोलायचं. ते ऐकणं मला आलं. ती माया ऐकण्यावर आहे. ट्रॅक्टर बरा आहे की आजारी, हे ओळखण्यावर.

पुतणी: मग तो आजारी आहे हे तुम्ही ओळखलंयत.

तात्या: ओळखलंय म्हणून तर विकायची घाई झालीय मला. दारात बघवत नाही.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ज्याच्यावर जीव असतो ते चालतं राहावं असं वाटतं, आणि इथे पैसाही तेच सांगतो आहे. माया आणि फायदा एका बाजूला आले की माणसानं विशेष जपावं. दुसऱ्या बाजूला अशा वेळी फक्त एक अनोळखी पोरगा असतो, ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही. आप्पांचं ऐकणं खरोखर उतरलं असेल तर ते त्या पोरासाठीही वापरलं पाहिजे. मी पुतणीच्या बाजूचा आहे. पण तात्यांचा आक्षेप ऐकल्यानंतरच्या पुतणीच्या.

तात्या: तर विकायचा नाही, कापायचा. म्हणजे सगळाच?

पुतणी: इंजिन चांगलं आहे. ते त्या वेल्ह्याच्या माणसाला द्या, पंपाला नाही तर मळणीला जोडील, जागेवर उभं राहून चालेल. मागचा आस, हायड्रोलिक, डिस्का, ज्याला लागेल त्याला द्या. क्लचचं घर मात्र आपल्यासमोर फोडायचं. आणि आरसी बुक कुणालाही द्यायचं नाही. वाहन कायमचं निकामी झालं की चौदा दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, कायदाच आहे तसा. नाही कळवलं तर या नंबरावर दुसरंच काही तरी फिरेल.

तात्या: घरावर घण मी घालीन. दुसरं कुणी नको.

पुतणी: बरं.

तात्या: आणि पोराचं काय? मनगट बरं होईतो त्याचा रोज बुडाला, आणि नंतर ट्रॅक्टरच नाही. हंगाम ऐन भरात आहे. आपण दोघं मघापासून लोखंडाचं बोलतोय.

पुतणी: इंजिनाचे येतील त्यातून आधी त्याचा लागवडीचा रोज द्यायचा. पुढचं त्यालाच विचारू. परत ट्रॅक्टरवर बसायचं की नाही, हे त्यानं सांगायचं.

तात्या: बसतो म्हणाला तर?

पुतणी: तर भाड्यानं आणू तो ट्रॅक्टर कमानीचा बघून आणू. शेताला येण्याआधी बांधही आपणच पहारीनं ठोकून बघायचा, चिखलणीच्या आदल्या दिवशी. खेकड्यांची बिळं तात्या तुम्हालाच ओळखता येतात, मला नाही.