हात कुणाचे?

माणूस आतून बसला की त्याच्या हाताला काहीतरी काम द्यावं, मन आपोआप उठतं, असं जुनी माणसं सांगतात. आपण चळवळीतली पोरं हे ऐकलं की कपाळाला आठ्या घालतो. आपल्या वाडवडलांच्या हाताला काम काय कमी होतं? मेलेली ढोरं ओढली, गावाची लाकडं फोडली, सरकारी टपाल घेऊन रातोरात दुसऱ्या गावाला पळाले. त्या कामाने कुणाचं मन उठलं? कामाने बरं वाटतं हे जर खरं असेल, तर आपल्या वस्त्या जगातल्या सगळ्यांत सुखी वस्त्या असायला पाहिजे होत्या.

हा प्रश्न मी हवेत विचारत नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यात बदली कामगार आहे. मागच्या उन्हाळ्यात एक पाळी बंद झाली आणि बदलीवाले घरी बसले, त्यात मी. पहिले आठ दिवस झोप काढली. मग उठायचंच बंद झालं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचो. मीटिंग नाही, वाचन नाही, दाढी नाही. कविता तर अशी आटली की वहीतलं आपलंच अक्षर परक्याचं वाटायला लागलं. पैशाची काळजी होती, पण ती वेगळी. पैसे नसणं मला जन्मापासून ओळखीचं आहे. हे दुसरंच काहीतरी होतं. आपण कुणाला लागत नाही, एवढं एकच वाक्य डोक्यात रिंग फ्रेमसारखं फिरत राहायचं.

ज्या भिंतीकडे तोंड करून पडायचो ती भिंत फुगली होती. मातीचा पापुद्रा सुटला होता आणि पाऊस तोंडावर आलेला. माय म्हणाली, "हाई भित तुना आजानी बांधेल शे. पानी उना का बसी जाई." तिने उपदेश केला नाही. भिंत बसेल एवढंच सांगितलं.

उठलो. माती आणली, चाळली, गव्हांडा आणि शेण घालून भिजवली आणि तीन दिवस कुजू दिली. रोज सकाळी पायाने तुडवली. आधी फुगलेला भाग खरवडून काढायचा, मग जुन्या भिंतीवर पाणी मारायचं. कोरड्या भिंतीवर ओली माती धरत नाही. मग खालून वर लिंपत जायचं. पहिला हात सुकताना तडकतो, त्याला घाबरायचं नाही, त्या तडकांतच दुसरा हात धरतो. भिंत झाल्यावर हायवेवरच्या भंगारवाल्याकडून लाकडी पेट्या आणल्या. शेजारच्या सुतारबाबांनी करवत आणि रंधा दिला. पुस्तकांसाठी एक फडताळ केलं. तीन फळ्या, त्यातली मधली अजून एका अंगाला कलती आहे. सगळं मिळून पंधरा-सोळा दिवस गेले. त्या दिवसांत मला भूक लागायला लागली. रात्री झोप लागायला लागली. हे का झालं, हा माझा प्रश्न.

कारण हेच हात गिरणीत आठ तास चालतातच. दोन फ्रेमींच्या मधून जायचं-यायचं, तुटलेला धागा सांधायचा, भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची. अंगावर तूस, कानात मशीन. तिथून घरी आलो की हात जड आणि डोकं रिकामं. मातीत राबून आलो की हात जड, पण डोक्यात काहीतरी भरलेलं. मेहनत तर मातीत जास्त होती. म्हणजे मेहनत हे उत्तर नाही.

मार्क्सने १८४४ साली पॅरिसमध्ये काही टिपणं लिहिली. कामगार कामावर असताना स्वतःच्या घरी नसतो, काम सुटलं की मग तो घरी येतो, अशा अर्थाचं त्यात आहे. ती टिपणं पूर्ण छापून आली १९३२ साली. गंमत अशी, की त्याच १९३२ साली आमच्या सोनगीरच्या दक्षिणेला, धुळ्याच्या तुरुंगात, विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचनं देत होते आणि साने गुरुजी ती लिहून घेत होते. स्वधर्माचं काम करावं, फळाची आशा सोडावी. माणसं मोठी, तुरुंग खरा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ज्याच्या ताटात फळ कधी पडलंच नाही त्याला फळ सोड म्हणून सांगायचं, ही काय बात झाली? मला बरं वाटलं ते फळ सोडून नव्हे. पाऊस आला, भिंत गळली नाही, माय कोरड्या जागी झोपली. हे फळ मला पाहिजेच होतं, आणि ते मिळालं म्हणून बरं वाटलं.

(शेजारच्या अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. सुताच्या पैशातून वेदान्ताचा अभ्यास. रिंग खात्यातल्या माणसाने तत्त्वज्ञानावर लिहायला बसणं म्हणजे काही नवी गोष्ट नाही, धागा तोच आहे.)

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये गाठ बरोबर सोडवली आहे. जात म्हणजे कामाची वाटणी असं सांगणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिलं, की इथे काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केलेली आहे, आणि तीही जन्माच्या आधी. ज्याने काम निवडलेलं नाही त्याचं मन त्या कामात कसं असेल? माझ्या पणज्याकडे वतन होतं. वतन म्हणजे काय, तर गावाने कधीही हाक मारावी आणि याने उठावं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्याविरुद्ध बिल मांडलं, आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतनं गेली. माझ्या आजाने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि दुष्काळ सरल्यावर ही भिंत बांधली. खडीच्या कामाचं तो कधी बोलला नाही. भिंतीचं मात्र मरेपर्यंत सांगायचा, माती कुठून आणली, पाया किती खोदला. हात एकाच माणसाचे.

एका कार्यकर्त्या मित्राने मला झाडलं. म्हणाला, "बाबांनी आपल्या हातातला झाडू काढून पेन दिलं, आणि तू परत चिखलात?" त्याचा राग मला समजतो. उद्या कुणी मालक म्हणेल, बघा, श्रमात किती समाधान आहे, मग पगारवाढ कशाला? असं समाधान कुणी विकायला आला तर त्याला दारातूनच परत लावला पाहिजे. पण मी ही गोष्ट मायच्या कानावर घातली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ते काम सांगेल व्हतं. हाई आपलं शे."

सांगितलेलं काम आणि आपलं काम. मला वाटतं यापुढे फार खोल जायची गरज नाही. फक्त एक अडचण उरते, आणि ती मोठी आहे. घरातलं काम म्हणजे आपलं काम असं आपण पुरुष फार लवकर म्हणून टाकतो. मी भिंत लिंपली तेव्हा बरं वाटलं म्हणून मायला सांगत होतो. ती हसली. "तुले बरं वाटस. मनी कंबर दुखस." तीस वर्षं तीच लिंपते आहे, सारवते आहे. तिला कुणी विचारलं नव्हतं, लिंपतेस का? लग्न होऊन आली आणि शेणाची पाटी पुढे आली. तिच्यासाठी ते वतनच. माझं वतन कायद्याने गेलं, तिचं चालूच आहे. पण हीच माय दुपारी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला बसते तेव्हा तिला हाक मारलेली चालत नाही. कुठला तुकडा कुठे, निळा मध्ये घ्यायचा की कडेला, हे ती ठरवते आणि दोन-दोनदा उसवते. कंबर तेव्हाही दुखत असणार. तेव्हा घर की गिरणी असा हा सवालच नाही. कुठे उसवायचं हे ठरवण्याचा हक्क कुणाकडे आहे, तो सवाल.

आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. स्टील आणि प्लास्टिक आल्यापासून ठोके कमी झाले. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, आणखी ठोकलं तर चिरतं. म्हणून तांबट मध्येच ते भट्टीत तापवतो, मऊ करतो, मग परत ठोकतो. चळवळीत आपण माणसाला हे करू देत नाही. पोरगा पडला की त्याला पळपुटा म्हणतो.

बुद्धाच्या संघात चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावाने सांगितलं, तू निघ. तो रडत निघाला तेव्हा बुद्धाने त्याला थांबवलं आणि एक पांढरं फडकं दिलं, हे हातात चोळत बस. फडकं मळत गेलं आणि चुल्लपंथकाला जे कळायचं ते कळलं. कथेचा नेहमीचा अर्थ अनित्यतेचा आहे, तो बरोबरच असेल. मला त्यात अजून एक दिसतं. ज्याला भाऊसुद्धा निरुपयोगी म्हणाला, त्याला बुद्धाने आणखी एक प्रवचन दिलं नाही. हातात धरायला काहीतरी दिलं.

माती प्रत्येकाला उठवील असं मी म्हणत नाही. कुणाचं पडणं माझ्यापेक्षा खोल असतं. त्याला दवाखान्यात न्यावं, गोळ्या लागल्या तर द्याव्या, त्यात लाज कसली? पण नेणारा पाहिजे. आपल्यातला कोण किती दिवस मीटिंगला आलेला नाही, याची वही कुणी ठेवतं का?

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून. माझ्या फडताळावर सध्या अकरा पुस्तकं आहेत. पाळी परत सुरू झाली आहे, वेळ कमी. तरी वस्तीतल्या अभ्यासिकेच्या दोन खिडक्यांना झडपा नाहीत, पाऊस आत येतो आणि पोरं कोपऱ्यात सरकून वाचतात. त्यासाठी जिथे अर्ज द्यायचा तिथे तो दोन वर्षांपूर्वी दिलेला आहे. येत्या रविवारी मी करवत घेऊन जाणार आहे. कुणी यायचं असेल तर खिळे आणा, दोन इंची. अर्ज मात्र मागे घ्यायचा नाही. झडपा बसवल्यावर त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहायचा, लाकडाचा आणि मजुरीचा हिशेब जोडून.