छत्री कधी सोडायची?

रायगडाच्या टकमक टोकाखाली छत्री निजामपूर नावाचं गाव आहे. नावामागची गोष्ट या भागात पोरंसोरंही सांगतात. शिवाजी महाराज टकमकावर उभे असताना वाऱ्याचा झोत आला आणि त्यांच्यावर छत्री धरणारा सेवक छत्रीसकट उचलला गेला. त्यानं दांडा सोडला नाही, आणि तरंगत तरंगत निजामपुरात सुखरूप उतरला. ही आख्यायिका आहे, तिला पुरावा मागायला मी जाणार नाही. पण तिच्यातला माणूस धरून ठेवल्यामुळे वाचतो, आणि स्कायडायव्हिंग शिकणाऱ्याला मात्र बिघडलेली छत्री वेळेत सोडायला शिकवतात. या दोन शिकवणी एकमेकींशी बोलल्या तर काय बोलतील, म्हणून मी दोन माणसं कल्पिली आहेत. आबा महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याचे, पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतून निवृत्त झालेले. 1952पर्यंत ही पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची होती आणि 11 डिसेंबर 1971ला ती टांगाईलला छत्र्यांनी उतरली. आबा भरती झाले ते त्यानंतर. नात पुण्यात नोकरी करते आणि लवकरच पहिली उडी घेणार आहे. दोघं निजामपुरात, टकमकाचा कडा समोर ठेवून बसले आहेत.

नात : आबा, हातातल्या छत्रीनं माणूस तरंगत नाही.

आबा : नसेल. पण दांडा सोडून धरायला त्याच्याकडे दुसरं काय होतं? आम्हालाही आग्र्याला हेच शिकवलं. 1,250 फुटांवरून उडी, विमानाला जोडलेल्या स्टॅटिक लाइननं छत्री आपोआप उघडणार. मोजायचं, वर बघायचं. गडबड दिसली तर छातीवरची रिझर्व्ह उघडायची. वरची तशीच राहू द्यायची. वर जेवढं कापड, तेवढं बरं.

नात : आमच्यात तसं चालत नाही. मेन छत्री गुंतून गरगर फिरायला लागली आणि तिच्याच खाली रिझर्व्ह उघडली, तर दोन्ही एकमेकींत अडकतात. म्हणून आधी उजव्या हाताचं हँडल ओढून मेन तोडून टाकायची, मग डाव्या बाजूचं हँडल ओढून रिझर्व्ह. शिकाऊ माणसानं हा निर्णय 2,500 फुटांवर येण्याआधी उरकायचा. छत्रीच नसेल तर तिथून जमीन 14 सेकंदांच्या आसपास.

आबा : म्हणजे दुसरी उघडेल की नाही हे कळायच्या आत पहिली सोडायची.

नात : हो. माझं सगळं अडतं ते इथंच. छत्री उघडलीच नाही तर प्रश्न नाही, हात आपोआप हँडलवर जाईल. पण अर्धी उघडली असेल तर? वेग थोडा कमी झालाय, डोक्यावर काहीतरी दिसतंय. मन म्हणणार, जरा थांब, सुटेल गाठ.

(मला वाटतं, सगळा पेच या ‘अर्धी’त आहे. पूर्ण मोडलेली वस्तू माणसाला फसवत नाही. निम्मी चालणारी फसवते, कारण ती रोज थोडीशी चालून दाखवते.)

आबा : महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल आठव. 2 ऑगस्ट 2016ची रात्र.

नात : त्याचा इथं काय संबंध?

आबा : शेजारी नवा पूल उभा होता. तरी ब्रिटिशांच्या वेळच्या दगडी पुलावरून एका बाजूची वाहतूक चालूच होती. काल गाड्या गेल्या, म्हणून आजही जातील. पुराच्या त्या रात्री पूल गेला, दोन एस्.टी. गेल्या, छोट्या गाड्या गेल्या. दुसरी छत्री पाठीवर होती, बाय. पहिली सोडायचा निर्णय कुणी घेतला नाही.

नात : पण तो निर्णय जमिनीवरचा. घ्यायला वर्षं होती. मला सेकंद मिळणार.

आबा : म्हणूनच तूही तो जमिनीवरच घ्यायचा. वर गेल्यावर फक्त पाळायचा.

नात : मग वर उडणारी मी कोण? हुकूम पाळणारी?

आबा : आदल्या दिवशीच्या स्वतःचा हुकूम. ती तू शांत होतीस, पोटभर जेवलेली होतीस. घाबरलेल्या तुझ्यापेक्षा तिचं ऐकणं बरं.

नात : आणि तिचं चुकलं असेल तर? एक प्रसंग असा आहे की जाणकारांमध्येही एकमत नाही. मेनला ओढून काढणारं छोटं पायलट शूट बाहेर येऊन मागं फडफडतंय, पण मेन पिशवीतून निघत नाही. काही म्हणतात, आधी मेन तोडा. काही म्हणतात, सरळ रिझर्व्ह ओढा, वेळ घालवू नका. दोन्ही रीती मान्य आहेत.

आबा : मग एक निवड, आणि तिचाच सराव कर. वर जाऊन दोन्हींचा विचार करणारा दोन्हींतली एकही करत नाही.

नात : बरं, केलं सगळं. मेन तोडली, रिझर्व्ह ओढली. ती दोरा आणि शिशाचं सील लावून परवानाधारक रिगरनं बांधलेली. त्याचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही. आणि तीही नीट उघडली नाही. मग?

आबा बराच वेळ गप्प राहिले. या प्रश्नाला पुस्तकी उत्तर आहे : दोऱ्या ओढा, हलवा, कापड हवेत पसरेल असं काहीही करा, जमिनीपर्यंत थांबू नका. 2006 साली न्यूझीलंडच्या ताउपोमध्ये मायकेल होम्स या अनुभवी स्कायडायव्हरची मेन गुंतली, ती तुटेना, रिझर्व्हही धड उघडेना. तो झुडपात पडला आणि जगला. पण मला ही कथा उत्तर म्हणून द्यायची नाही. जगलेल्यांच्या कथा उरतात; निजामपूरही एकाच छत्रीवाल्याची गोष्ट सांगतं.

आबा : बाय, त्या रात्री पूल गेल्यावर जवळच्या गॅरेजातला एक माणूस रस्त्यावर धावला. येणाऱ्या गाड्या थांबवल्या त्यानं. गेलेल्या एस्.टी. त्याला परत आणता येणार नव्हत्या.

नात : तो रस्त्यावर होता, आबा. पडत नव्हता.

आबा : खरंय. पण आता काही उपयोग नाही, हे ठरवायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं नाही. तूही घेऊ नकोस. उपयोग झाला की नाही, ते जमीन ठरवेल. तुझं काम दोऱ्या ओढायचं.

नात : आणि आईला काय सांगू? तुम्ही देशासाठी उडी मारलीत. मी हौसेसाठी मारतेय.

आबा : मला मारावी लागली, तुला मारावीशी वाटते. तुझं अवघड आहे, कारण नाही म्हणायची वाट तुला शेवटपर्यंत मोकळी आहे. आईला हे हँडलचं सगळं सांग. न सांगता गेलीस तर तिच्या वाट्याला फक्त भीती येईल.

नात : ऐकून ती जास्त घाबरेल.

आबा : घाबरू दे. पण कशाला घाबरायचं ते तिला नेमकं कळेल. तुझ्या प्रशिक्षकाला विचार, त्या फडफडणाऱ्या पायलट शूटला तो कुठली रीत शिकवतो. ते कळलं की मला फोन कर. आता उभी राहा. उजवं हँडल कुठं? बघ आधी, मग धर. नुसतं चाचपू नकोस. ओढ. आता डावं.