संशयाचें ओझें

वस्तु विकली, मोल घेतलें, कीं विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध संपला, अशी व्यवहारांत सर्वसाधारण समजूत आहे. आणि कोथिंबिरीच्या जुडीपुरती ती खरीहि आहे. परंतु ज्या वस्तूवर माणूस आपला देह टाकतो तिच्याविषयीं हिशेब इतक्या सहज मिटत नाहीं. झोपाळ्याची कडी किंवा सायकलचा ब्रेक विकत घेणारा नुसतें लोखंड घेत नसतो. करणाऱ्याचा शब्दहि त्याबरोबर घेत असतो. तो शब्द खोटा ठरण्याचा संभव आहे असें करणाऱ्यासच मागाहून कळून आलें, तर त्यानें काय करावें? माल परत बोलवावा, हें उत्तर आतां बहुतेक देशांच्या कायद्यांनीं मान्य केलें आहे. पण त्या उत्तराच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि आम्हांस आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

जपानांतील साकाई शहरीं १९२१ सालीं निघालेली शिमानो ही कंपनी सायकलचे सुटे भाग करणाऱ्यांत अग्रेसर समजली जाते. २१ सप्टेंबर २०२३ रोजीं अमेरिकेंतील ग्राहकवस्तु-सुरक्षा आयोगानें तिच्या कांहीं क्रँकांविषयीं जाहीर सूचना काढली. क्रँक म्हणजे पायडलापासून मधल्या आंसापर्यंत जाणारी दांडी. पायाचा सारा जोर प्रथम तिच्यावर येतो. शर्यतीच्या सायकलीस वजन कमी हवें, म्हणून अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या वरच्या प्रतीच्या मालांत ही दांडी आंतून पोकळ ठेवून ॲल्युमिनियमचे भाग एकमेकांस चिकटविलेले असतात. जुलै २०१९ पूर्वीं तयार झालेल्या कांहीं क्रँकांत हा जोड कालांतरानें सुटूं लागला. एकट्या अमेरिकेंत असे सुमारे ६ लक्ष ८० हजार क्रँक होते, जगभर मिळून सुमारे २८ लक्ष. जोड सुटल्याचे ४,५१९ प्रकार कंपनीच्या कानांवर आले होते. सहा जणांस इजा झाली होती. कोणाचें हाड मोडलें, कोणाचा सांधा निखळला.

सूचनेंत सांगितलें होतें कीं, सायकल ताबडतोब वापरणें थांबवावें आणि ती अधिकृत दुकानीं नेऊन क्रँक फुकट तपासून घ्यावा. येथवर कोणी नांवें ठेवावीं असें कांहीं नाहीं. परंतु पुढें असेंहि होतें कीं, तपासणींत ज्या क्रँकाचा जोड सुटत असल्याचीं चिन्हें दिसतील तेवढाच बदलून मिळेल. बाकीचे क्रँक ज्याचे त्याच्याकडे परत जावयाचे होते.

आमची शंका नेमकी येथें सुरू होते. जोड आहे दांडीच्या पोटांत. तो आज धरून आहे किंवा नाहीं, याचा निवाडा द्यावयाचा दुकानांतील मिस्त्रीनें, ज्यानें तो क्रँक योजिला नाहीं कीं घडविला नाहीं. त्याच्या नजरेस चिन्ह दिसलें तर क्रँक बदलेल. न दिसलें तर मालक तीच दांडी घेऊन घरीं जाईल. पण सूचना वाचण्यापूर्वीं जो निश्चिंतपणें घाट उतरत होता तो आतां तसा उतरणार नाहीं. जोड कालांतरानें सुटतो हें तर सूचनेनेंच त्यास शिकविलें, आणि काळ तर तपासणीनंतरहि चालूच राहतो. दोष कारखान्यांतला, आणि संशय मात्र त्याच्या घरीं राहावयास आला.

कंपनीची बाजू अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंतल्या आंकड्यांवरून पाहिलें तर सुटलेले क्रँक हजारीं सातांहून कमी पडतात, आणि इजा झालेले तर सहाच. बहुतेक माल सुस्थितींत असतां तो सारा मोडींत काढणें हाहि धातूचा, श्रमाचा आणि द्रव्याचा नाश आहे, व नाश ही कांहीं सद्‌गुणांत मोडणारी गोष्ट नव्हे. शिवाय धोका कोठें नसतो? आगगाडींत बसणाराहि थोडा धोका पत्करतोच. या युक्तिवादांत तथ्य आहे. पण हजारीं सात हें प्रमाण कारखानदाराच्या खातेवहीस शोभतें, सायकलस्वाराजवळ हजार क्रँक नसतात. आगगाडीचा धोका तो जाणून पत्करतो, आणि तो काढून टाकणें बहुधा कोणाच्याच एकट्याच्या हातीं नसतें. येथें मात्र तो पैसे टाकून नाहींसा करण्यासारखा आहे. प्रश्न इतकाच उरतो कीं ते पैसे कोणीं टाकावे. ज्यास स्वस्थ झोप हवी त्यानें नवा क्रँक स्वतःच्या खिशांतून घ्यावा असें ठरलें, तर करणाऱ्याच्या दोषाचा कर घेणाऱ्यानें भरल्यासारखें झालें.

२०१५ सालीं ट्रेक या अमेरिकन कंपनीनें याच्या उलट रीत धरली होती. तिच्या डिस्क-ब्रेकच्या कांहीं सायकलींत पुढचें चाक आवळून धरणारी खटक्याची दांडी नीट बसविली नसल्यास वा उघडी राहिल्यास ब्रेकच्या तबकडींत अडके आणि चाक एकाएकीं थांबे. एका स्वाराचे हातपाय त्यामुळें कायमचे लुळे पडले. अमेरिकेंतल्या सुमारे नऊ लक्ष सायकलींस ती सूचना लागू झाली. त्या प्रकरणीं वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवितां आलें असतें. तरी कंपनीनें सर्वांस नवी दांडी फुकट बसवून दिली. ती दांडी क्रँकापेक्षां पुष्कळ स्वस्त, हेंहि विसरूं नये. औदार्य स्वस्त असलें कीं लवकर सुचतें. तरी संशय आपल्या पदरीं घेण्याची रीत ती हीच.

आमच्या स्मृतिकारांनीं या प्रश्नाचा विचार केला नव्हता असें नाहीं. विकत घेतलेली वस्तु पारखण्यास याज्ञवल्क्यस्मृतींत वस्तुपरत्वें मुदत सांगितली आहे: बियाण्यास दहा दिवस, ओझ्याच्या जनावरास पांच, दुभत्यास तीन, रत्नांस सात, आणि लोखंडास केवळ एक. (त्याच यादींत विकलेल्या माणसांचाहि समावेश आहे, हें त्या काळाचें लांछन.) हे आंकडे मनास येतील तसे घातलेले दिसत नाहींत. बीं रुजतें कीं नाहीं हें कळण्यास दिवस लागतात. लोखंड घण मारतांच बोलतें. म्हणजे दोष जितके दिवस लपून राहूं शकतो तितके दिवस घेणाऱ्याचा हक्क जिवंत, हें त्यामागील तत्त्व असावें असें आम्हांस वाटतें. वर्षानुवर्षें न बोलणारें लोखंड निघेल ही कल्पना स्मृतिकारांस नव्हती. पण त्यांचें तत्त्व त्यासहि पुरेसें आहे.

कळण्याचाहि एक प्रश्न आहे. धोका कळतांच आयोगास कळवावें असें अमेरिकेंतील १९७२ चा कायदा सांगतो. पण कळणें म्हणजे काय? पहिला क्रँक सुटला तेव्हां तो अपघात, दहावा सुटला तेव्हां योगायोग म्हणतां येईल. ४,५१९ हा आंकडा एका रात्रींत जमत नसतो. त्यांतला कितवा प्रकार घडला तेव्हां अपघाताचें ज्ञान झालें हें ठरविणें कायद्यास कठीण. सदसद्विवेकबुद्धीस तितकें कठीण असूं नये.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें धोकादायक माल परत बोलावण्याची आज्ञा करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास दिला आहे. तथापि मोटारीस असते तशी सायकलीस नोंदणी नाहीं. ती हातोहात फिरते, भाच्याकडून शेजाऱ्याकडे जाते, आणि सूचना मूळ मालकाच्या दारापर्यंत येऊन थांबते. असा क्रँक असलेली सायकल विकतांना सूचनेची गोष्ट सांगितली तर चार पैसे कमी येतील, म्हणून ती न सांगणारे सुशिक्षित लोक निघणारच नाहींत असें आम्हांस वाटत नाहीं. निर्दोष वस्तु दाखवून सदोष देणाऱ्याकडून दुप्पट मोल आणि तितकाच दंड घ्यावा, असें नारदस्मृतींत आहे. विकतेवेळीं दोष ठाऊक नव्हता असें म्हणणाऱ्या कारखानदारास तें वचन पुरतें लागू पडत नाहीं. या घरगुती विक्रेत्यास मात्र पडतें. तपासणींत क्रँक चांगला ठरला असेल तर तें, आणि ती तपासणी कोणत्या दिवशीं झाली तेंहि, त्यानें नव्या मालकास पैसे घेण्यापूर्वीं सांगावें.