आरती झाल्यावर पुढे काय?



गेल्या काही सत्संगांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. धारच्या एका काकांनी विचारला, देवासच्या एका ताईंनीही विचारला. साधकाने ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत, मोहल्ल्याच्या समितीत पडावं का? तिथे आवाज चढतात, जात निघते, जुनी भांडणं निघतात. घरी येईपर्यंत मन गढूळ झालेलं असतं आणि जप राहून जातो. प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही.

आपल्या देवासचीच गोष्ट बघा. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार तिसरे हे मोठे कृष्णभक्त. 1921 मध्ये ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक त्यांच्याकडे खासगी चिटणीस होते. गोकुळाष्टमीचा तो अनेक दिवसांचा उत्सव, भजनात देहभान विसरलेले महाराज, हे सगळं त्यांनी पुढे पुस्तकात लिहून ठेवलं. त्या भक्तीबद्दल त्यांनाही आदरच वाटला. पण संस्थान कर्जात बुडत गेलं. 1933च्या अखेरीस महाराज पाँडिचेरीला गेले ते परतलेच नाहीत, 1937 मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. हिशेब विचारणारं होतं ते इंग्रज सरकार. प्रजा उत्सवाला येत होती, प्रसाद घेत होती, पण "राज्याच्या पैशाचं काय झालं?" असं बसून विचारायला तिला जागाच नव्हती.

आज ती जागा आहे. आपण तिथे जात नाही, एवढंच.

आता त्याच देवासची दुसरी गोष्ट. ही मला फार महत्त्वाची वाटते. माळव्यात गावोगावी कबीराची भजनं गाणाऱ्या मंडळ्या आहेत, त्यांत दलित गायक पुष्कळ. एकलव्य ही संस्था तशी भजनाची नव्हे, शाळांतलं विज्ञान शिकवण्यासाठी ओळखली जाणारी. पण तिच्या देवासच्या कार्यकर्त्यांनी 1991 मध्ये या मंडळ्यांना बोलावून 'कबीर भजन एवं विचार मंच' सुरू केला. महिन्यातून एकदा रात्री मंडळ्या जमायच्या. भजन व्हायचं, मग त्या भजनावर बोलणं, मग पुन्हा भजन. जातपात, शिवाशीव, अंधश्रद्धा, सगळे विषय निघायचे. जे गातो ते घरी वागतो का, हा प्रश्न गाणाऱ्यालाच पडायचा. 1998 पर्यंत हे चाललं. प्रल्हादसिंह टिपानिया, ज्यांना पुढे पद्मश्री मिळाली, तेही या मंचावर यायचे. त्या रात्री कुणाचं भजन बाटलं नाही. उलट रोज तोंडात असलेल्या ओळीचा अर्थ कित्येकांना तिथे पहिल्यांदा भिडला असेल.

आपल्या मंडळाकडे काय कमी आहे सांगा? पाचशे पानांचा भंडारा आपण एका फोनवर उभा करतो. वर्गणीची वही पैशापैशाची असते. वाढायला कोण, चपला सांभाळायला कोण, सगळं ठरलेलं. सरकारी योजनांत 'लोकसहभाग' म्हणून जे शोधत फिरतात ते हेच! पण हीच मंडळी नाली तुंबली की दोन वर्षं नाक दाबून चालतात, आणि ग्रुपवर फक्त फोटो टाकतात.

आणि एकट्याने सुटत नाही हो. 1990 मध्ये देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते जुन्या लोकांना आठवत असेल. ज्याने त्याने आपापली बोअर खोल नेली आणि शेवटी सगळे मिळून गाडीची वाट बघत बसले. 2006 नंतर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतातली जमीन सोडून तळी खोदली, तेव्हा चित्र पालटू लागलं. पिकाची जमीन पाण्याला देणं ही कोणती साधना म्हणायची, तुम्हीच ठरवा.

धारकडच्या मंडळींनी आणखी एक लक्षात घ्यावं. धार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे पेसा कायद्याने, आणि मध्य प्रदेशात नोव्हेंबर 2022 पासून लागू झालेल्या नियमांनी, ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिलंय. जमीन, तलाव, वनोपज, दारूचं दुकान, या सगळ्यात तिला बोलता येतं. पण सभेत माणसंच नसतील तर दोन-चार जण सह्या गोळा करून "सभा झाली" म्हणतात.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. मंडळाचा झेंडा घेऊन, गुरूंचं नाव पुढे करून जायचं नाही. एकगठ्ठा हात वर करायला तर मुळीच नाही. उद्या कुणी पुढारी आपल्या ग्रुपमध्ये मतं मोजत बसेल, आणि तो धोका मला तुंबलेल्या नालीपेक्षा मोठा वाटतो. गावचा माणूस म्हणून जायचं. वहिनींनी वेगळं मत दिलं आणि भाऊजींनी वेगळं, तरी संध्याकाळी आरतीला दोघं शेजारी उभे राहिले पाहिजेत. जप राहतो म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, लग्नाच्या हॉलमध्ये चार तास बसतो तेव्हा कुठे जातो जप?

2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्या दिवशीचं पारायण सकाळी लवकर आटोपून घेऊ. शहरातल्यांनी आपल्या पार्षदाला वॉर्डाच्या कामांची यादी मागावी. प्रत्येक मंडळातून दोघांनी जावं, त्यातली एक ताई असावी. तिथे काय वाचून दाखवलं, किती पैसे कुठल्या कामाला लागले, ते वहीत लिहून आणावं आणि गुरुवारी आरतीनंतर, प्रसाद वाटण्याआधी, सगळ्यांना वाचून दाखवावं.