देहाचा धनी

मनुष्याने आपले कौशल्य मोल घेऊन दुसऱ्याच्या सेवेस लावावे, यात नवे असे काही नाही. मूर्तिकार, गवई, वाजंत्री, शिक्षक, वैद्य हे सारे आपापल्या विद्येवर उपजीविका करीत आले आहेत, आणि त्यात कोणासही कमीपणा वाटण्याचे कारण नाही. परंतु कौशल्य हे नारळासारखे झाडावरून उतरवून बाजारात नेता येत नाही. ते एका देहात वसते. तो देह थकतो, झिजतो, कधी मोडतोही. मग ज्याने कौशल्याचे मोल दिले, त्याने देहही विकत घेतला असे होते काय? आणि तो देह जायबंदी होऊन पडला असता त्याच्या बदल्यात काय मिळेल याचे हिशेब चारचौघांत मांडणे कितपत धर्म्य आहे? हा प्रश्न आमच्यापुढे एका दूरदेशीच्या घटनेने उभा केला. घटना खेळाच्या क्षेत्रातील आहे, म्हणून ती क्षुल्लक मानून सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

अमेरिका आणि कॅनडा या देशांत हॉकी म्हटली म्हणजे बर्फावरील हॉकी. ध्यानचंद आणि ग्वाल्हेरचे रूपसिंग यांनी ज्या हिरवळीवर कीर्ती मिळविली, तिच्याशी या खेळाचे नाते नावापुरते आणि काठीपुरतेच. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळाडू बर्फावरून वाऱ्याच्या वेगाने धावतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धडकणे हा तेथे नियमात बसणारा भाग असतो. या खेळातील जॅक आयकेल हा एक अग्रगण्य खेळाडू. जन्म 1996 सालचा. 2015 साली नवोदित खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्याच क्रमांकावर बफेलो सेबर्स या संघाने त्याला घेतले. 2017 साली त्याच्याशी आठ वर्षांसाठी 8 कोटी डॉलरचा करार झाला, आणि पुढल्याच वर्षी तो संघाचा कर्णधार झाला.

7 मार्च 2021 रोजी न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाविरुद्ध खेळताना त्याच्या मानेस इजा झाली. मानेच्या दोन मणक्यांमध्ये जी मऊ चकती असते ती सरकली होती. काही काळ विश्रांती आणि उपचार होऊनही गुण आला नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि तेथेच मतभेदास तोंड फुटले. संघाच्या वैद्यांचे म्हणणे असे, की चकती काढून वरचा व खालचा मणका एकमेकांस कायमचे जोडावेत. ही पद्धत पूर्वीपासून रूढ असून इतर खेळाडूंवरही वापरलेली होती. आयकेलने ज्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला त्यांचे मत निराळे होते. त्यांच्या मते चकतीच्या जागी कृत्रिम चकती बसवावी, म्हणजे मानेची हालचाल टिकून राहते आणि शेजारच्या मणक्यांवर अधिक भार पडून पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी येण्याचा संभव कमी होतो. मात्र त्या लीगमधील कोणत्याही खेळाडूने तोवर ही शस्त्रक्रिया करून घेतलेली नव्हती.

खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात जो सामुदायिक करार होता, त्यानुसार खेळाडूस दुसऱ्या वैद्याचे मत घेण्याचा अधिकार होता. परंतु उपचार कोणता करावयाचा याविषयी अखेरचा शब्द संघाचा. संघाने नकार दिला. मान आयकेलची, वेदना आयकेलची. पण निर्णय दुसऱ्याचा, अशी ती स्थिती होती. आठ महिने ही मान तशीच राहिली. 23 सप्टेंबर 2021 रोजी, वैद्यकीय तपासणीत तो खेळण्यास योग्य ठरला नाही हे सांगतानाच संघाने त्याचे कर्णधारपदही काढून घेतल्याचे जाहीर केले.

या आठ महिन्यांत दुसरा एक व्यवहार जोरात चालू होता. तेथे खेळाडूची अदलाबदल करण्याची चाल आहे. करारात विशेष अट नसेल तर त्याची संमतीही लागत नाही. एका संघाने दुसऱ्या संघास खेळाडू द्यावा आणि त्याच्या बदल्यात दुसरे खेळाडू, अथवा पुढील वर्षीच्या नवोदितांतून निवड करण्याचा हक्क घ्यावा. आयकेलला बफेलो देऊन टाकणार हे दिसू लागताच वृत्तपत्रांतून व रसिकांच्या बैठकींतून अंदाजांना ऊत आला. आज न्यूयॉर्क, उद्या लॉस एंजेलिस, परवा मिनेसोटा, तेरवा कॅल्गरी. अमुक संघाने दोन तरुण आणि एक निवडीचा हक्क द्यावा. छे, मान दुखावलेली आहे, तेवढे कोण देईल? कोणी म्हणे भाव उतरेल, कोणी म्हणे थांबल्यास चढेल. बाजारात बैल उभा असावा आणि गिऱ्हाइकांनी त्याचे दात नि खूर पाहावेत, तसा हा प्रकार. भेद इतकाच, की बैलाला ती भाषा कळत नाही.

येथे संघाची बाजू न ऐकता निकाल देणे अन्यायाचे होईल. 2021-22 च्या हंगामात एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून 8 कोटी 15 लाख डॉलरहून अधिक खर्च करू नये अशी मर्यादा होती. त्यांतील 1 कोटी, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा, एकट्या आयकेलचा. ज्या शस्त्रक्रियेचा त्या खेळात कोणासही अनुभव नाही, ती करून तो कायमचा निकामी झाला असता तर हानी संघालाही सोसावी लागली असती. शिवाय सामुदायिक करार खेळाडूंच्या संघटनेने राजीखुशीने केलेला होता. संघ लबाडी करीत होता असे म्हणावयास आधार नाही. आपल्या वैद्यांवर त्याचा विश्वास होता. बफेलो शहराचाही विचार केला पाहिजे. 2011 नंतरच्या दहा हंगामांत त्या संघास अंतिम फेऱ्यांत एकदाही प्रवेश मिळाला नव्हता. ज्याच्या भरवशावर आशा बांधली तोच अंथरुणाला खिळला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी पुढची चिंता केली तर त्यांना निष्ठुर कसे म्हणावे?

हे सर्व मान्य करूनही आमचा प्रश्न शिल्लक राहतोच. करारावर सही करणाऱ्याने आपला वेळ, आपले श्रम, आपला खेळ देऊ केला होता. कराराची मुदत आठ वर्षांची. देहाची मुदत जन्मभराची. खेळाडू पस्तिशीच्या आसपास मैदान सोडतो, त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे ती मान त्यालाच वाहावयाची असते. मुलाला खांद्यावर घ्यावयाचे, वळून हाकेला ओ द्यावयाची, ती याच मानेने. ज्याचा संबंध आठ वर्षांपुरता, त्याने जन्मभराच्या गोष्टीवर अखेरचा शब्द बोलावा हे कायद्याने बरोबर असेल. न्यायाने बरोबर आहे असे आम्हांस वाटत नाही. संघ फार तर असे म्हणू शकतो, की हा उपचार तू केलास तर त्याच्या परिणामाची जबाबदारी आमची नाही. तो उपचार करूच नकोस, असे म्हणण्याचा अधिकार मोल देण्यातून उत्पन्न होत नाही.

वाचकांस येथे कौरवसभेतील द्रौपदीचा प्रश्न आठवल्यावाचून राहणार नाही. जो स्वतःस हरून बसला, त्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, असा तो प्रश्न होता. आयकेलचे प्रकरण अगदी तसे नाही; त्याला कोणी द्यूतात लावले नव्हते, सही त्याची स्वतःची होती आणि वेतनही मिळत होते. म्हणून त्यास दासाची उपमा देणे अतिशयोक्तीचे होईल, आणि खऱ्या दास्याची यातना भोगलेल्यांचा त्यात अपमानही होईल. तथापि द्रौपदीच्या प्रश्नाचा गाभा येथे लागू पडतो. मनुष्याजवळ काही वस्तू अशा असतात की त्या व्यवहाराच्या पटावर येऊच शकत नाहीत. त्या आल्या असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्यास अधिकाराचे मूळ विचारले पाहिजे. त्या सभेत भीष्मांसारखे ज्ञानी पुरुषही धर्माची गती सूक्ष्म आहे इतकेच बोलून थांबले. त्यांचे थांबणे हाच त्या सभेचा दोष झाला.

आता राहिला प्रश्न बाहेरच्या बोलण्याचा. संघाला निर्णय घ्यावाच लागतो. अंदाज बांधणाऱ्याला तशी कोणतीच निकड नसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे विवेचन आले आहे. बोलणे खरे असावे, हिताचे असावे, ऐकणाऱ्याचे मन दुखविणारे नसावे, असा त्याचा आशय आहे. अदलाबदलीचे अंदाज या कसोटीवर घासून पाहावेत. ते खरे नसतात, कारण घडून गेलेल्या गोष्टीचे ते कथन नसून केवळ कल्पना असते. त्यांत जायबंदी माणसाचे हित नसते. आणि त्याच्या कानी ते पडले तर दुःख होते, याविषयी शंका नको. देवळाच्या चौघड्यावर बसणाऱ्या वाजंत्र्याचा हात मोडला, आणि तो घरी पडून असता सभामंडपात लोकांनी त्याच्या जागी कोणास आणावे व त्याच्या वतनाचे काय करावे याची खल मांडली, तर आपण त्या लोकांस काय म्हणू? उत्सव जवळ आला आहे, व्यवस्था करावी लागेल, हे खरे. पण आधी कोणी त्याच्या घरी जाऊन हात कसा आहे हे विचारले की नाही?

यावर कोणी म्हणेल, की मग मौन पाळावयाचे काय? मौनानेही अन्याय पोसला जातो. हा आक्षेप बरोबर आहे. आयकेलच्या प्रकरणाची चर्चा चव्हाट्यावर आली, 2021 च्या जुलैत त्याच्या प्रतिनिधींनी जाहीर निवेदन काढून नाराजी प्रकट केली, वैद्यकशास्त्राच्या जाणकारांनी दोन्ही शस्त्रक्रियांचे गुणदोष लोकांस समजावून सांगितले, आणि अनेकांना प्रथमच कळले की खेळाडूच्या मानेवर खेळाडूची सत्ता नाही. हे बोलणे हिताचेच होते. म्हणून सर्व बोलणे एका मापाने मोजू नये. ‘या माणसाला काय मिळावयास हवे’ असे विचारणे ही चर्चा. ‘या माणसाच्या बदली काय मिळेल’ असे विचारणे हा सट्टा. विषय एकच, माणूस तोच, परंतु पहिल्या वाक्यात तो कोणी आहे, दुसऱ्यात तो काही तरी आहे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. 4 नोव्हेंबर 2021 रोजी व्हेगास गोल्डन नाइट्स या संघाने आयकेलला घेतले. बदल्यात अ‍ॅलेक्स टक व पेटन क्रेब्स हे दोन खेळाडू आणि निवडीचे हक्क दिले. नव्या संघाने त्याला हव्या त्या शस्त्रक्रियेस संमती दिली, आणि आठच दिवसांनी, 12 नोव्हेंबरला, ती झाली. 16 फेब्रुवारी 2022 रोजी तो पुन्हा बर्फावर उतरला. 13 जून 2023 रोजी व्हेगासने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा त्या वर्षीच्या अंतिम फेऱ्यांत सर्वाधिक म्हणजे 26 गुण आयकेलच्याच नावावर होते.

कथा येथे संपविली तर ती गोड होईल आणि वाचकही सुखावतील. पण आमच्या मते येथेच एक मोठी फसगत होण्याचा संभव आहे. आयकेल जिंकला, म्हणून त्याचे म्हणणे बरोबर होते, असे पुष्कळांनी मानले. समजा, शस्त्रक्रिया फसली असती, आणि तो पुन्हा कधीच खेळला नसता. मग त्याचा आपल्या मानेवरील हक्क खोटा ठरला असता काय? मुळीच नाही. फळावरून कर्माची योग्यता ठरविणे ही बाजाराची रीत आहे. निष्काम कर्माचा उपदेश ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला, त्यांनी तरी ती स्वीकारू नये. जो अधिकार यशस्वी झाल्यावरच मान्य होतो तो अधिकार नव्हे, बक्षीस होय. देहावरचा हक्क बक्षिसाच्या रूपाने मिळू नये. तो यशापयशाच्या आधीच असला पाहिजे. त्याचप्रमाणे संघाची भीतीही केवळ खोटी ठरली म्हणून मूर्खपणाची होत नाही. त्याची चूक अंदाजात नव्हती. दुसऱ्याच्या देहाविषयीचा धोका पत्करण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरविण्यात होती.

ही गोष्ट परक्यांची म्हणून आपण सुस्कारा सोडून मोकळे होऊ शकत नाही. आपल्याकडेही 2008 साली क्रिकेटपटूंचा लिलाव झाला, आणि त्यानंतर हॉकी इंडिया लीगनेही तोच मार्ग धरला. देवालयात उत्सवाच्या अखेरीस केळीच्या घडांची, नारळांची पावणी होते, तेव्हा बोली बोलणाऱ्यांची चढाओढ पाहण्यात मौज असते, कारण बोली फळावर असते. माणसाच्या नावापुढे बोली चढू लागली की तीच मौज थोडी सावधपणे घ्यावयास हवी. लिलाव बंद करा असे आमचे म्हणणे नाही. खेळाडूंना त्यातून जे मोल मिळू लागले ते पूर्वीच्या पिढ्यांतील गुणवंतांस मिळाले असते तर त्यांचा उत्तरकाळ सुखाचा गेला असता. परंतु ‘अमुक विकला गेला’, ‘तमुक शिल्लक राहिला’ ही भाषा आपल्या मुलांच्या तोंडी सहज रुळली आहे, आणि भाषा जशी रुळते तशी दृष्टीही रुळते. 2006 साली आपल्या हॉकी संघाचा संदीप सिंग आगगाडीत अपघाताने सुटलेल्या गोळीने जबर जखमी झाला. तो पुन्हा उभा राहिला आणि 2009 साली भारताचा कर्णधार झाला. तो अंथरुणावर असताना त्याचा भाव किती हे कोणी विचारले नाही, कारण तेव्हा हॉकीपटूंचा बाजारच भरलेला नव्हता. आज तसाच प्रसंग आला तर आपण प्रथम काय विचारू?

खेळाडू हा देव नव्हे आणि मालही नव्हे. त्याच्या खेळावर प्रेम करणाऱ्याने त्याच्या दुखण्याच्या दिवसांत एवढे पथ्य पाळावे, की त्याच्याविषयी बोलताना तो शेजारच्या खोलीत निजला आहे आणि भिंत पातळ आहे असे समजून बोलावे. संघांनी करार करावेत, अदलाबदल करावी, पैशाचा हिशेब चोख ठेवावा. त्यात आम्ही दोष मानीत नाही. पण त्या हिशेबाच्या वहीत माणसाच्या मानेचा, गुडघ्याचा, डोक्याचा रकाना असू नये. त्या रकान्यात लिहिण्याचा अधिकार ज्याचा देह त्याचाच.